चित्तेवाले, रॉकेटवाले आणि ताईचा आवाज

३ मार्च, मंगळवार

संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे हीच माणसं मला विचारणार आहेत की बाई, नक्की कधी घडलं. सहा चाळीसला मी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि त्यावर ताईचं सत्तेचाळीस मिनिटांचं बोलणं नव्हतं.

चार सेकंद आहेत. ताई खुर्चीत बसते, ओठ उघडायच्या बेतात पुढे वाकते, आणि संपलं. रंगसुद्धा धड नाहीत. त्या दिवशी तिच्या अंगावर राखाडी शाल होती, या चार सेकंदांत ती निळी दिसते.

मागचं नोंदवून ठेवते. ताईच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. चोवीस फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. त्याआधीच्या रविवारी, बावीस तारखेला सकाळी, मी कॅमेरा तिवईवर लावून तिला बोलतं केलं. भाचीचा हट्ट होता. तिला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे. फोनवर रडत म्हणाली, मावशी, आईचा आवाज भरून ठेव, माझ्या बाळाला आजी ऐकू यायला हवी. मी शब्द दिला. मोबाइलवर भागलं असतं, पण मी कामं भागवत नाही. नवा कॅमेरा घेतला, नवं कार्ड घेतलं.

कार्डाच्या पाकिटावर पळणारा चित्ता आहे आणि खाली 'आजीवन हमी' असं छापलंय. कोणाचं जीवन ते छापलेलं नाही.

ऑपरेशननंतर आठ दिवस मी दवाखान्याच्या बाकावर काढले. आज जरा श्वास घ्यायला मिळाला म्हणून भाचीला पाठवायला कार्ड काढलं, तर हे.

४ मार्च, बुधवार

दुकान उघडायच्या आधी पायरीवर उभी होते. आत शिरल्यावर डावीकडे चित्तेवाल्यांचा स्टँड, उजवीकडे रॉकेटवाल्यांचा. दोन्हीकडे फळीवर एकाच मापाची, बोटाच्या पेराएवढी कार्डं. एकाने पाकिटावर वेगाचा मोठा आकडा छापला की दुसरा त्याहून मोठा छापतो. कुठलं कार्ड जास्त जपून ठेवतं, याबद्दल दोघांचंही अवाक्षर नाही.

दुकानदार म्हणाला, काकू, आम्ही नुसतं विकतो, आत काय असतं ते कंपनी जाणे. मी म्हटलं, मग आपण काय विकतो ते आपल्याला ठाऊक नाही असं लिहून द्या. त्याने ताबडतोब कंपनीचा पत्ता लिहून दिला.

तिथून दवाखान्यात. ताईला तिथे एक पांढरी पाटी आणि पेन दिलंय, ती त्यावर लिहून बोलते. मी तिला सांगितलं की सगळं गेलं, फक्त चार सेकंद राहिलेत. ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, टाके दुखताहेत. मग लिहिलं, 'चारच?' मी म्हटलं, चारच, तेही चुकीच्या रंगात. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बिचारीला फारच लागलं.

निघताना तिने पाटीवर 'जाउ दे' लिहिलं होतं. मी अंगठ्याने पुसून 'जाऊ' असं दीर्घ केलं आणि सांगितलं की मुळीच जाऊ देणार नाही.

घरी येऊन चित्तेवाल्यांना पत्र लिहिलं. घटनेचा दिनांक, वेळ, कार्डाचा क्रमांक, दुकानाची पावती सोबत जोडली. सात दिवसांत लेखी उत्तर मागितलं. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसले. पत्र आलं की हात कसे झटकतात ते मला कोणी शिकवायला नको.

७ मार्च, शनिवार

उत्तर आलं. 'आपल्या भावनांची आम्ही कदर करतो. योग्य ती कार्यवाही सुरू आहे.' हे दुसरं वाक्य मी स्वतः हजारो वेळा पाठवलेलं आहे. त्याचा अर्थ मला माहीत आहे. त्याचा अर्थ, कागद खाली ठेवलाय आणि वर चहाचा कप ठेवलाय.

खाली आणखी एक परिच्छेद आहे. म्हणे आमच्या नावाची बनावट कार्डं बाजारात सोडणारे काही स्पर्धक आहेत, आपलं कार्ड तसलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे माझ्या बहिणीचा आवाज गेला आणि यांना रॉकेटवाल्यांवर खापर फोडायला जागा मिळाली.

भाचीचा फोन येऊन गेला. विचारत होती, पाठवते आहेस ना. मी म्हटलं, आकाराने मोठं आहे, वेळ लागतोय. खोटं बोलले. कॉन्व्हेंट शाळेत असते तर सिस्टरनी शंभर वेळा लिहायला लावलं असतं.

१० मार्च, मंगळवार

ताई काल घरी आली. आज सकाळी अकरा वाजता रॉकेटवाल्यांची बाई दारात. कडक इस्त्रीचं जाकीट, खिशावर रॉकेट. दुकानदाराने माझी कहाणी तिच्या कानावर घातली असणार. दुकानात तो हात झटकत होता, बाहेर मात्र तोंड चांगलं चालतं त्याचं.

बाई गोड होती. तिच्या कंपनीची एक प्रयोगशाळा आहे म्हणे. बिघडलेल्या, पुसलेल्या कार्डातूनही पुष्कळदा सगळं परत काढता येतं. माझं कार्ड ते फुकट तपासतील. बदल्यात मी एक निवेदन द्यायचं आणि फोटो काढू द्यायचा. मजकूर तिने तयारच आणला होता. वर मोठ्या अक्षरात, 'चित्त्याने माझ्या बहिणीचा आवाज गिळला.' मी म्हटलं, चित्ता गिळत नाही, फाडून खातो. ती हसली आणि लगेच वहीत टिपून घेतलं. पुढच्या मसुद्यात ती 'फाडला' लिहील याची मला खात्री आहे.

ताई सगळं ऐकत होती. एकदम तिने तळहात टेबलावर आपटला. कप बशीत नाचला. पाटीवर मोठ्ठं 'नको'. खाली दोन रेघा.

मी बाईला समजावलं की बहिणीला जाहिरातीत यायला आवडत नाही, भिडस्त आहे. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. बाई गेल्यावर विचारलं, अगं पण मग बाळाचं काय? तिने पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. हल्ली फार कमी लिहिते. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर मन खचतं.

११ मार्च, बुधवार

ताई झोपली असताना कार्ड देऊन आले. निवेदनावर सही केलेली नाही. अहवाल हातात पडल्यावर बघू म्हटलं.

१२ मार्च, गुरुवार

ताईला कळलं. कॅमेऱ्यातला कार्डाचा कप्पा तिने उघडून पाहिला असावा, कारण तो उघडाच राहिला होता. सकाळपासून ती माझ्याकडे बघत नाही. जेवणाचं ताट घेऊन खिडकीशी जाऊन बसली. मला चैन नाही. ती नको म्हणाली आणि मी दिलं, हे खरं आहे. पण मी शब्द दिलेला आहे, हेही खरं आहे.

आणि हे सगळं माझ्या अहंकारासाठी चाललंय असं जर तिला वाटत असेल, तर त्या रविवारी मी किती कष्ट घेतले ते आठवावं तिने. उजेड नीट पडावा म्हणून कपाट सरकवलं. ती बोलताना अडखळली की मी मधून मदत केली. लहानपणचं सांगताना ती म्हणाली, धाकटीला, म्हणजे मला, शाळेच्या वसतिगृहात सोडायला सोमवारी गेलो. मी सुधारलं, गुरुवार होता. ती म्हणाली, काळी ट्रंक. मी म्हटलं, हिरवी. ती म्हणाली, मी तिला तिथे सोडून आले. मी म्हटलं, सोडायला बाबा आले होते, तू फाटकापाशी थांबली होतीस. बाळापर्यंत चुकीचं का जावं? शेवटी तिने अंगाई म्हणायला घेतली. दुसऱ्या ओळीत शब्द फिरले म्हणून मी थांबवलं, परत घे म्हटलं. ती म्हणाली, घसा दुखतोय, राहू दे. मी बळजबरी केली नाही.

उलट तिला उत्साह होता. संपल्यावर दोनदा विचारलं की चालू करायचं बटण कुठलं, आणि झालेलं पुसतात कसं. मी दाखवलं. म्हणाली, बरं झालं हो मास्तरीण. मी आयुष्यात कधी शिकवलं नाही, पण ती मला पहिल्यापासून मास्तरीणच म्हणते.

दुपारी नवीन तमाशा. चित्तेवाल्यांचा विभागीय मॅनेजर स्वतः हजर. कार्ड प्रतिस्पर्ध्याच्या प्रयोगशाळेत गेल्याचा सुगावा लागला होता. नवा कॅमेरा, पाच कार्डं, आणि शिवाय कंपनीतर्फे दिलगिरी, फक्त कार्ड परत मागवा आणि आमच्याकडे द्या. तेवढ्यात रॉकेटबाई सही न्यायला आली. एका सोफ्यावर चित्ता, समोर रॉकेट. मॅनेजर म्हणाला, यांच्या लॅबमध्ये आमचं चांगलं कार्डसुद्धा खराब होऊनच बाहेर येईल. बाई म्हणाली, तुमचं चांगलं कार्ड अजून पाहायला मिळालं नाही, मिळालं की सांगू. मी दोघांनाही चहा दिला नाही.

ताई मधल्या दारात उभी राहून बघत होती. तिला बोलता आलं असतं तर दोघांना एका वाक्यात वाटेला लावलं असतं तिने. मला एक पान लागतं.

१८ मार्च, बुधवार

अहवाल आला. अक्षरशः उतरवते. 'कार्ड अस्सल आहे. त्यात कोणताही दोष आढळला नाही. २३ फेब्रुवारी रोजी दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करण्यात आले, म्हणजे त्यावरील सर्व मजकूर पुसण्यात आला.'

रॉकेटबाईने फोनवर सांगितलं की कंपनी आता जाहिरात करणार नाही. गोडवा पार आटला होता. कार्डात खोट निघाली असती तर मी त्यांची लाडकी होते. चित्तेवाल्यांना अहवाल कसा पोहोचला देव जाणे, पण तासाभरात त्यांचाही ईमेल. 'वापरकर्त्याची चूक.' आठ दिवस एकमेकांच्या नरड्यावर बसलेल्या दोन कंपन्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्यावर.

मी काहीही पुसलेलं नाही. तेवीस तारखेला सोमवारी साडेतीनपासून मी दवाखान्यात ऑपरेशनचे कागद भरत होते. खिडकीवरची टोकनची चिठ्ठी माझ्याकडे आहे, तिच्यावर ४.०५ छापलंय. घरी परतायला सहा वाजून गेले. त्या वेळात घरात फक्त ताई होती, आणि ताईला तर

वाक्य अर्धवट राहिलंय. राहू दे. उद्या त्या प्रयोगशाळेत जाऊन तो माणूस गाठते.

१९ मार्च, गुरुवार

प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. चार कॉम्प्युटर, पंखा आणि एक चष्मेवाला तंत्रज्ञ. मी भांडायच्या तयारीने गेले होते. टोकन टेबलावर ठेवलं. तो म्हणाला, मॅडम, अहवालाची दुसरी बाजू तुम्हाला कोणी सांगितली नाही का? फॉरमॅट केलं तरी खालचा मजकूर लगेच जात नाही. सत्तेचाळीस मिनिटं मिळाली आहेत. सुरुवातीचं एखाददुसरं मिनिट सोडलं तर सगळं स्वच्छ आहे.

मी टोकन उचलून पर्समध्ये टाकलं. त्याने पाणी दिलं, मग हेडफोन दिला.

मी ऐकलं. सगळं ऐकलं. तो शेजारी बसून एक आलेख बघत होता, आवाज आला की रेघा उठतात तसला. मी हेडफोन काढल्यावर त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, यातला पेशंटचा आवाज कुठला?"

मी म्हटलं, दुसरा.

"दुसरा फार कमी आहे हो. अकरा-बारा मिनिटं भरेल. त्या पहिल्या बाईंचा काढून टाकता येईल, पण मग मध्ये नुसते तुकडे राहतात. त्या पेशंटला वाक्यच पुरं..." एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज तो अर्धा तास ऐकत होता. चष्मा काढून पुसायला लागला.

मी विचारलं, आणि चार सेकंद?

ते वेगळंच चित्रण आहे म्हणाला. पुसल्यानंतरचं, ४.१६ चं. त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. निळी शाल. ताईकडे निळी शाल आहे, भाचीने पाठवलेली. केस नीट विंचरलेले, खुर्ची खिडकीकडे वळवलेली. ती कॅमेऱ्यावरचा हात काढून मागे सरकते, बसते, मग काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा पुढे वाकते आणि संपतं.

"दोनदा दाबलं त्यांनी. सवय नसलेली माणसं खात्रीसाठी पुन्हा दाबतात. दुसऱ्यांदा दाबलं की बंद होतं."

मी म्हटलं, पण तिला कळलं नसेल का. तो म्हणाला, समोर बसल्यावर चित्रण चालू असल्याचं ते छोटं लाल टिंब दिसत नाही, मॅडम.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी ताईसमोर खुर्ची ओढून बसले. रात्रभरात जुळवलेली भाषणं बाजूला ठेवली. एवढंच विचारलं, "सोमवारी किती वेळ बोललीस?"

तिने पाटी जवळ घेतली. 'तू येईपर्यंत.'

मी आले तेव्हा सहा वाजून गेले होते. मला आता आठवतं, ती गरम पाणी पीत बसली होती, आवाज पार बसलेला, आणि चेहरा कसा तर परीक्षा संपल्यासारखा. मी रागावले होते. उद्या ऑपरेशन आणि घसा कसला शिणवून घेतलास, म्हटलं होतं. तिने हसून खांदे उडवले होते. तिला काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. मी तिला उपाशीपोटी काय करायचं त्याची यादी वाचून दाखवत होते.

पावणेदोन तास. बंद कॅमेऱ्याशी. आणि हे तिला चार मार्चला दवाखान्यात कळलं, मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत असताना. तेव्हापासून तिला एवढंच हवं होतं की रविवारचं ते पहिलं तरी परत येऊ नये. ते शोधून काढायला मी दोन कंपन्या कामाला लावल्या.

मी विचारलं, काय बोललीस? तिने पेन उचललं, दोन शब्द लिहिले. त्यात एक वेलांटी चुकली होती. माझा अंगठा पाटीकडे गेला. शपथेवर सांगते, मी नेला नाही, आपोआप गेला. तिने पाटी हळूच मागे घेतली आणि ते दोन शब्द स्वतःच पुसले. मी वाचायच्या आत.

दुपारी भाचीचा फोन. पुढच्या रविवारी येतेय, आता लवकर पाठव ना मावशी. काल तंत्रज्ञाने कार्डासोबत दिलेली सत्तेचाळीस मिनिटं माझ्या कॉम्प्युटरवर पडलेली आहेत, एक बटण दाबलं की गेली. मी शब्द दिलाय. पण ते पोहोचलं तर त्या बाळाला जन्मभर ऐकू येणार ते माझंच. दाबलं नाही.

२१ मार्च, शनिवार

तोंडी काही बोलले तर मीच बोलत राहीन, हे उघड आहे. म्हणून मला जे येतं ते केलं. पत्राची प्रत इथे उतरवते. मूळ पत्र, एक कोरी दोनशे पानी वही आणि सत्तेचाळीस मिनिटं कॉम्प्युटरवरून काढून परत भरलेलं ते कार्ड तिच्या उशीशी ठेवून आले.

प्रति, ताई.

विषय: सोमवार, २३ फेब्रुवारी, दुपारी ४ वाजून १६ मिनिटांपासून मी घरी येईपर्यंत केलेले निवेदन.

वरील वेळेत आपण जे बोललात ते कुठेही नोंदले गेलेले नाही. कार्डात दोष नव्हता, कंपनीचाही नव्हता. चित्तेवाल्यांना मी तसं कळवलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा तक्रार मागे घेतली आणि त्यांनी पोचही दिली नाही.

अगं ताई, ते सगळं मला हवंय. जसं बोललीस तसं. सोमवार तर सोमवार. ट्रंक काळी तर काळी. मला तिथे तू सोडून आलीस तर तूच सोडून आलीस, आणि त्यानंतर तुझी शाळा सुटली आणि माझी चालू राहिली, त्याबद्दल काही म्हणाली असशील तर तेही. अंगाई दुसऱ्या ओळीच्या पुढे पूर्ण. भाची ती स्वतः म्हणेल, तिचा गळा तुझ्यासारखा आहे. माझ्याबद्दल वाईट असेल तर आधी ते.

कार्डावरच्या जुन्या बोलण्याचं काय करायचं ते तू ठरव. ठेवायचं, तुकडे करायचे, की पुन्हा पुसायचं. बटण तुला माहीत आहे. मी अजून कोणालाही पाठवलेलं नाही आणि तुझ्या उत्तराशिवाय पाठवणार नाही.

मी वहीत डोकावणार नाही. एकही अक्षर सुधारणार नाही. खोलीत आलेच तर ताट ठेवून जाईन.

उत्तर लेखी हवं, शनिवार दिनांक २८ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत, म्हणजे भाची यायच्या आदल्या दिवशी. घड्याळ हॉलमधलं धरण्यात येईल. 'जाऊ दे' आणि 'राहू दे' ही उत्तरं म्हणून स्वीकारली जाणार नाहीत. पाटीवर लिहू नकोस आणि पेन्सिलनेही नको. शाईने लिही, मला पुसता येणार नाही असं.